लेखांक १४ : पाझरणारे माठ

बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवावी की शंभरापर्यंत न्यावी, ते आज सांगणार होतो. ते आता पुढच्या बुधवारी. मध्येच नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि विषय नेमका माझ्या लाडाचा निघाला. त्यांच्या पाच वर्षांच्या लॅपटॉपमध्ये आठ जीबी रॅम होती. रिकाम्या खाचेत त्यांनी आणखी आठची पट्टी बसवून घेतली आणि मशीन पळायला लागलं. पण पूर्वी रात्री झाकण मिटून ठेवलं की सकाळी बॅटरी पाचेक टक्के उतरलेली असायची, ती आता पंधरा-सोळा उतरते. दुकानदार म्हणतो, रॅमचा आणि बॅटरीचा संबंधच नाही. खरं काय?

संबंध आहे. किती, ते बघू.

रॅममधलं प्रत्येक बिट म्हणजे एक चिमुकला कपॅसिटर आणि त्याच्या दाराशी एक ट्रान्झिस्टर. ही जोडी आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली, १९६८ साली पेटंट मिळालं. स्वस्त, सुटसुटीत, पण एक खोड आहे : कपॅसिटर गळतो. मातीच्या माठासारखा, कुणी हात लावला नाही तरी पाझरत राहतो. म्हणून ओळीओळीनं सगळे माठ बघत जायचं, ज्यात पाणी आहे तो पुन्हा काठोकाठ भरायचा, कोरडा असेल तो कोरडाच ठेवायचा. ही फेरी दर ६४ मिलिसेकंदांत पुरी करायची, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. लॅपटॉप झोपला की प्रोसेसर, पडदा, डिस्क सगळे विझतात. एरवी रॅमला 'चल, फेरी मार' असा हुकूम सोडणारा कंट्रोलरही झोपतो, आणि जाता जाता किल्ल्या चिपच्या हाती देऊन जातो. मग चिप आपली आपणच रात्रभर फेऱ्या मारते. याला सेल्फ रिफ्रेश म्हणतात.

इथे एक समजूत काढून टाकतो. झोपवण्याआधी सगळ्या खिडक्या बंद केल्या, ब्राउझर मिटला की रॅम रिकामी होते आणि वीज वाचते, असं मला निदान दहा जणांनी सांगितलं असेल. वाचत नाही. यातलं काय कामाचं आणि काय टाकाऊ, हे चिपला कळतच नाही. कोरड्या माठातही डोकावावंच लागतं. फोनमधल्या कमी विजेच्या मेमरीत काही भाग वगळून फेरी मारायची सोय असते, पण आपल्या लॅपटॉपच्या साध्या पट्टीत तिची आशा धरू नका. पट्टी बसली की तिच्यावरची प्रत्येक चिप रात्रपाळीला आली.

आता आकडे. डीडीआर ४ प्रकारच्या आठ जीबी पट्टीवर बहुधा आठ चिपा असतात. सेल्फ रिफ्रेशमध्ये एका चिपला जास्तीत जास्त पंचवीस मिलिअँपिअर धरू, दाब १.२ व्होल्ट. एका चिपचे ३० मिलिवॅट, आठांचे २४०. रात्रीचे आठ तास म्हणजे सुमारे १.९ वॅट-अवर. या वाचकांची बॅटरी नवी होती तेव्हा ५० वॅट-अवरची, आता ४० उरलीय. म्हणजे फार तर पावणेपाच टक्के, आणि थंड खोलीत त्याहून बरेच कमी.

थंडीवरून आठवलं. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी धूळ उडवायचा हवेचा डबा उलटा धरून चालू मशीनच्या रॅमवर फवारला. उलट्या डब्यातून द्रवच बाहेर येतो आणि चिप उणे ५० अंशांपर्यंत गारठते. मग वीज तोडली. दहा मिनिटांनी पाहिलं, तर शंभरातलं एक बिटही धड पुसलेलं नव्हतं! त्यांना त्या रॅममधून डिस्कच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या चोरता येतात हे दाखवायचं होतं. मला त्यात दिसतो तो माठ : गारठ्यात पाझर जवळजवळ थांबतो, उन्हाळ्यात वाढतो. चिप ८५ अंशांवर तापली तर फेऱ्या दुप्पट कराव्या लागतात. ६४ मिलिसेकंद हा हिशेब सगळ्यात गळक्या माठाला धरून, भरपूर भीती बाळगून केलेला आहे.

परत नाशिकला. खरं तर चिपांचा हिशेब न करताही उत्तर मिळतं. पूर्वी जुनी पट्टी धरून अख्खं मशीन रात्रीत पाच टक्के खात होतं. मग तशीच दुसरी पट्टी पाचाहून जास्त कुठून खाईल? दहापर्यंत मी मान्य करतो. वरचे पाच-सहा कुणाचे? मशीन जुन्या पद्धतीनं झोपणारं, त्यामुळे झोपेतही अर्धवट जागं राहून वीज खाल्ल्याचा संशय बाद. (हायबरनेट केलं तर सगळं डिस्कवर लिहून रॅमची वीजच तुटते, मग आठ जीबी काय नि चौसष्ट काय. फक्त उठायला वेळ लागतो.)

मी फोन करून एवढंच विचारलं, रात्री लॅपटॉपला काय काय जोडलेलं असतं? काही नाही, म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा फोन. पट्टी बसवली त्याच आठवड्यात मुलगा हॉस्टेलवरून सुट्टीला आलाय. पलंगाजवळच्या एकुलत्या सॉकेटला मच्छरांचं लिक्विड लावलेलं, म्हणून तो इअरबडची डबी रोज लॅपटॉपच्या यूएसबीला लावून झोपतो. शेजारी विजेची खूण असलेलं ते भोक, झाकण मिटलं तरी वीज देतच राहतं.

आता सकाळी आठ टक्के उतरते, असं कळवलंय. डबी स्वयंपाकघरात गेली, मिक्सरच्या सॉकेटला.