आकडीची गोळी आणि छातीतली जळजळ

गुरुकुंज मोझरीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला गावोगावच्या पालख्या येतात. पायपीट, जागरण, अवेळी जेवण यामुळे कुणाच्या घशाशी आंबट आलं, की मेडिकलमधून अँटासिडची बाटली येते. पण त्या माणसाला मिरगीचं औषध चालू असेल, तर ती बाटली विचारूनच उघडलेली बरी.

अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू एरवी आवळलेला असतो. तो सैल पडला की आम्ल वर चढतं. मिरगीवर दिल्या जाणाऱ्या क्लोनाझेपामच्या गटातली औषधं हा स्नायू सैल करू शकतात. व्हॅल्प्रोएट या मिरगीच्याच दुसऱ्या औषधाने पोटात मळमळू शकतं, म्हणून ते बहुधा जेवणाबरोबर देतात.

मिरगीच्या औषधांच्या घराण्यातलंच एक औषध, प्रीगाबालिन, मात्र जळजळीच्या वेदनेवर चालतं का, हे लंडनच्या संशोधकांनी तपासलं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागात आम्ल सोडलं. आम्ल लागलं खाली, पण वरचा भागही हुळहुळा झाला. आधी प्रीगाबालिन घेतलेल्यांत हा हुळहुळेपणा रोखला गेला. हे औषध मज्जातंतूंच्या टोकाशी कॅल्शियमची आवक कमी करतं, त्यामुळे वेदनेचे संदेश मंदावतात. आम्ल तेवढंच राहतं. काहींच्या छातीत आम्ल फारसं नसतानाही आग का होते, याचा काहीसा अंदाज यातून येतो.

तरी ॲसिडिटीसाठी प्रीगाबालिनची गोळी मनाने घेऊ नये. तिने गुंगी येते, चक्कर येते, आणि निरोगी माणसांवरचा छोटा प्रयोग म्हणजे उपचार नव्हे.

आता बाटलीकडे. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या अँटासिडमुळे गॅबापेंटिन या मिरगीच्या औषधाचं शोषण सुमारे 20 टक्क्यांनी घटतं. त्यामुळे अँटासिडनंतर निदान 2 तासांनी गॅबापेंटिनची गोळी घ्यायची असते. मिरगीवर 1938 पासून वापरात असलेल्या फेनिटॉइनचं शोषणही अँटासिडने कमी होऊ शकतं. ॲसिडिटीवरचंच ओमेप्राझोल मात्र उलटं वागतं: यकृतात फेनिटॉइन मोडण्याचं काम मंदावून रक्तातली त्याची पातळी वाढवू शकतं. ती फार वाढली, तर तोल जातो, डोळे थरथरतात.

पातळी घटली तर आकडी येण्याची भीती, वाढली तर विषबाधेची. जागरणानेही आकडी येऊ शकते. म्हणून जळजळीला कंटाळून मिरगीची गोळी मधेच सोडू नका. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांपुढे एकदम ठेवा, ॲसिडिटीचीसुद्धा.