एका घराण्यानें राखलेली भाषा

भाषा मरते ती राजाज्ञेनें कीं घरच्यांच्या उपेक्षेनें, हा प्रश्न आमच्या मंडळींत पुष्कळदां निघतो. त्याचें उत्तर कोरड्या चर्चेपेक्षां एका घराण्याच्या तीन पिढ्यांच्या हकीकतींत अधिक स्पष्ट सांपडतें, असें आम्हांस वाटतें. हें घराणें वेल्समधील एडवर्ड्स यांचें होय.

वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. तेथील वेल्श भाषा इंग्रजीहून अगदीं निराळी असून तिचें वाङ्मय फार प्राचीन आहे. १५३६ सालच्या कायद्यानें ती न्यायालयांतून व सरकारी अधिकाराच्या जागांवरून हद्दपार झाली. तरीहि १५८८ सालीं विल्यम मॉर्गन यांचें बायबलाचें वेल्श भाषांतर छापलें गेलें, आणि देवळांत व घरांत तिला आसरा राहिला. पुढें १८४७ सालीं तेथील शिक्षणाच्या चौकशीचा सरकारी अहवाल निघाला. चौकशी करणाऱ्या तिघांपैकीं एकासहि वेल्श येत नव्हतें. परंतु लोकांच्या अज्ञानाचें व अनीतीचें खापर त्यांनीं त्या भाषेवरहि फोडलें.

अशा काळांत, १८५८ सालीं, बाला गांवाजवळील एका खेड्यांत शेतकऱ्याच्या घरीं ओवेन मॉर्गन एडवर्ड्स यांचा जन्म झाला. घरीं सारें बोलणें वेल्श. शाळेंत मात्र वेल्श शब्द तोंडांतून निघाला कीं गळ्यांत एक लांकडी तुकडा अडकवीत. दुसरें मूल वेल्श बोलतांना सांपडलें, कीं तो त्याच्या गळ्यांत जाई. आणि शाळा सुटतांना ज्याच्या गळ्यांत तो असेल त्यास शिक्षा होई. पोरांनींच एकमेकांवर पाळत ठेवावी, अशी ही युक्ति! आपली सुटका व्हावी म्हणून आपण दुसऱ्या मुलास कधीं पकडून दिलें नाहीं, एवढें समाधान एडवर्ड्स यांनीं पुढें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे.

लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही, कीं असा तुकडा बांधावा असें कोणत्याहि कायद्यांत लिहिलेलें नव्हतें. शिक्षक तो बांधीत, आणि पुष्कळ आईबापांची त्यास मूक संमति असे. इंग्रजी आलें म्हणजे मुलाचें कल्याण होईल, ही त्यांची प्रामाणिक समजूत होती.

हाच मुलगा पुढें ऑक्सफर्ड येथें इतिहासाचा अध्यापक, आणि १९०७ सालीं वेल्समधील शाळांचा मुख्य निरीक्षक झाला. १८९२ पासून त्यांनीं मुलांकरितां एक वेल्श मासिक चालविलें. त्याच मासिकांतून १९२२ सालीं त्यांचे चिरंजीव इव्हान यांनीं मुलांना हांक दिली व वेल्श बोलणाऱ्या मुलांचा संघ स्थापन केला. १९३९ सालीं युद्ध पेटलें. इंग्लंडांतील शहरांतून हलविलेलीं मुलें आबेरिस्टविथ येथें आलीं, आणि शाळेंत इंग्रजीच ऐकूं येऊं लागलें. तेव्हां इव्हान यांनीं तेथें वेल्श माध्यमाची खासगी शाळा काढली. विद्यार्थी किती? अवघे सात! त्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा ओवेनहि होता. १९८२ सालीं वेल्श भाषेची स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली, तिचा पहिला प्रमुख हाच ओवेन. आजोबांना ज्या भाषेपायीं गळ्यांत लांकूड वागवावें लागलें, तीच भाषा नातवानें घरोघर पोंचविली.

आज वेल्श ही तेथील कायद्यानें मान्य झालेली भाषा आहे, आणि शेंकडों शाळांतून तीच शिक्षणाचें माध्यम आहे. परंतु एवढ्यानें निश्चिंत होतां येत नाहीं. १९०१ सालीं तेथील सुमारें निम्मे लोक वेल्श बोलत. २०२१ च्या शिरगणतींत हें प्रमाण शेंकडा १७.८, म्हणजे सुमारें ५ लक्ष ३८ हजार, इतकेंच भरलें. त्यापूर्वींच्या दहा वर्षांत झालेली घट मुख्यतः तीन ते पंधरा वर्षांच्या मुलांत आढळली. २०५० पर्यंत ही संख्या दहा लक्षांवर नेण्याचा सरकारचा संकल्प आहे. पण शाळेंत शिकलेली भाषा घरीं कानीं पडली नाहीं, तर ती परीक्षेपुरतीच उरते.

आमच्या वाचकांच्या घरीं मुलांच्या गळ्यांत कोणी लांकूड अडकवीत नाहीं. परंतु पाहुण्यांसमोर मुलानें इंग्रजींत उत्तर दिलें म्हणजे कौतुक होतें, आणि मराठींत दिलें म्हणजे त्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. आजीची गोष्ट नातवास समजेनाशी झाली, तर तो दोष कोणत्या सरकारच्या माथीं मारावा? आज रात्रीं पंगत बसेल तेव्हां मुलें वाढणारीशीं कोणत्या भाषेंत बोलतात, तेवढें वाचकांनीं कान देऊन ऐकावें, ही आमची विनंति.