श्वास पुरवून वापरा

नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला रांगा लागतात. आरत्या, जयजयकार आणि ध्वनिक्षेपकाशी चढाओढ चालते. दसरा उजाडेपर्यंत कित्येकांचे घसे बसलेले असतात. मग ज्येष्ठमध, खडीसाखर, गुळण्या सुरू होतात. त्यांनी घशाला आराम वाटतो खरा, पण यातले काहीही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. स्वरयंत्र श्वासनलिकेच्या तोंडाशी असते. अन्नपाण्याची वाट निराळी.

आवाज निघतो तो बाहेर पडणाऱ्या श्वासावर. ही हवा स्वरतंतूंना कंप देते. बोलताना पुरुषांत हे कंप सेकंदाला साधारण १०० ते १२५, तर स्त्रियांत २०० च्या आसपास असतात. दम अपुरा पडला की माणूस गळा आवळून आवाज ओढतो. तंतू एकमेकांवर जोराने आपटतात आणि सुजतात.

गाण्याच्या शिकवणीत 'पोटातून आवाज काढा' असे सांगतात. पोटात हवा जात नाही, हे वाचकांना सांगायला नकोच. श्वास घेताना छाती व पोट यांमधला स्नायूचा पडदा खाली सरकतो, म्हणून पोट पुढे येते. खांदे उचलून घेतलेला श्वास मात्र उथळ राहतो आणि मानेचे स्नायू ताठरतात. एरवी आपण एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा घेतो; निरोगी पुरुषाचा खोल श्वास ४ ते ५ लिटरपर्यंत जातो. पण छाती पूर्ण भरली की फुप्फुसे फुग्यासारखी आपोआप आकसू लागतात. ती हवा बरगड्यांच्या स्नायूंनी रोखून थोडी थोडी सोडायची, हीच गवयाची खरी मेहनत.

आपल्या ठाणेकरांना पं. राम मराठे यांचा दमदार नाट्यगायनाचा आवाज सांगायला नको. त्यांच्याच जन्मसालचे, १९२४ चे, कुमार गंधर्व. ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. देवासला पाच-सहा वर्षे गाणे बंद होते. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचे नवे औषध उपयोगी पडले आणि १९५३ पासून ते पुन्हा मैफलीत बसले, ते १९९२ साली निधन होईपर्यंत गात राहिले. लहान लहान, टोकदार स्वरसमूहांत त्यांनी आपला श्वास बसवला. त्यांच्या गायकीचे सारे श्रेय आजाराला देणे आम्हाला पटत नाही. प्रतिभा आधीचीच होती. पण उरलेला श्वास कसा खर्चावा, हे त्यांच्याइतके कोणी दाखवले नसेल.

घरी एक चाचणी करून पाहा. खोल श्वास घ्या आणि घड्याळ लावून 'आ' धरा. निरोगी प्रौढ माणूस १५ ते २० सेकंद सहज टिकतो. दर वेळी १० च्या आतच दम तुटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. घसा बसला असता कुजबुजून बोलू नये, त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. सरळ मौन धरावे, पाणी भरपूर प्यावे. तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. विडी-सिगारेट किंवा तंबाखूची सवय असलेल्यांनी तर टाळाटाळ करूच नये. खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा गिळताना दुखत असेल, तर तीन आठवडेही थांबू नये.