स्तनातली साधी गाठ : काढायची की ठेवायची?

फायब्रोॲडिनोमा ही तरुण वयात स्तनात सर्वाधिक आढळणारी साधी गाठ. साधारण १५ ते ३५ वर्षांच्या दरम्यान, बहुधा अंघोळ करताना, ती हाताला लागते. रबरासारखी घट्ट, गुळगुळीत, न दुखणारी आणि दाबली की बोटाखालून सटकणारी अशी ती असते. आकार बहुतेक वेळा एक ते तीन सेंटिमीटर. स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक ग्रंथींचे पुंजके असतात. त्यांतला एखादा पुंजका आणि त्याभोवतालचा तंतुमय भाग वाजवीपेक्षा जास्त वाढला की ही गाठ तयार होते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा तिच्यावर परिणाम होतो, म्हणून गरोदरपणात ती मोठी होऊ शकते आणि पाळी गेल्यावर बहुधा आक्रसते. कार्डिफचे शल्यचिकित्सक एल. ई. ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये असे मांडले, की अशा गाठीला आजार म्हणण्यापेक्षा स्तनाच्या नैसर्गिक वाढीत झालेला किरकोळ फेरफार म्हणावे. गाठ लागली की काढून टाकायची, हा जुना रिवाज त्यानंतर हळूहळू मागे पडला आणि ‘काढायलाच हवी का’ हा प्रश्न रास्त ठरला.

मात्र हा प्रश्न निदान पक्के झाल्यानंतरचा आहे. नुसत्या वयावरून किंवा बहिणीची तशीच साधी निघाली होती एवढ्यावरून गाठ साधी ठरत नाही. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणे तर फार धोक्याचे, कारण स्तनाच्या कर्करोगाची गाठही सुरुवातीला सहसा दुखत नाही. पुरुष डॉक्टरांना कसे दाखवायचे या संकोचापायी, किंवा लग्न ठरायच्या वयात चारचौघांत बोभाटा नको म्हणून, कितीतरी मुली महिनोन्महिने गप्प राहतात. घरातल्या घरात शेक दिला जातो, लेप लावले जातात. त्याने गाठ जात नाही, आणि ती साधी नसेल तर मोलाचा वेळ मात्र जातो.

निदानाची जगभर मान्य असलेली रीत तिहेरी आहे : डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने घेतलेला नमुना. तरुण स्तन दाट असतो, त्यामुळे मॅमोग्राफीच्या पांढऱ्या चित्रात गाठ झाकून जाते. म्हणून या वयात सोनोग्राफी उपयोगी पडते. चाळिशीनंतर मॅमोग्राफीही लागते. अहवालाच्या शेवटी ‘बायरॅड्स’ असे लिहून एक आकडा दिलेला असतो आणि तो पाहून घरातल्यांची झोप उडते. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने ठरवलेली ही श्रेणी आहे, कर्करोगाच्या टप्प्याशी तिचा संबंध नाही. २ म्हणजे गाठ साधी. ३ म्हणजे बहुधा साधी. कर्करोग निघण्याची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, पण काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. ४ किंवा ५ आले की सुईची तपासणी टाळता येत नाही.

सुईबद्दलची भीती आपल्याकडे खोल रुजलेली आहे. ‘सुई टोचली की गाठ भडकते’, ‘हात लावला की पसरते’ हे आजही शिकलेल्या घरांतून ऐकू येते आणि त्यापायी बायका तपासणी अर्धवट सोडतात. या समजुतीला आधार नाही. सुईच्या नमुन्यामुळे साध्या गाठीचा कर्करोग होत नाही, आणि गाठ कर्करोगाची असेल तर नमुन्याशिवाय उपचारांची दिशाच ठरत नाही. बारीक सुईने पेशी ओढून घेण्याची एफएनएसी स्वस्त आणि झटपट होणारी आहे. पण जागा बधिर करून जाड सुईने काढलेला मांसाचा बारीक तुकडा, म्हणजे कोअर बायॉप्सी, अधिक भरवशाची. पंचविशीच्या आतल्या मुलीत सोनोग्राफीतले चित्र अगदी नमुनेदार असेल, तर पुष्कळ ठिकाणी सुई न लावता नुसते लक्ष ठेवतात. हाताची तपासणी, चित्र आणि नमुना या तिन्हींचे उत्तर एकच येते तेव्हा निदानावर पूर्ण भरवसा ठेवता येतो. एकाचे जरी उत्तर वेगळे आले, तरी निर्णय थांबवून पुन्हा तपासायला हवे.

नमुन्यात फायब्रोॲडिनोमा निघाला की सहसा पहिला प्रश्न येतो : याचा पुढे कर्करोग तर होणार नाही? या गाठीत कर्करोग सापडणे अतिशय विरळ आहे. अमेरिकेत विल्यम ड्युपाँट आणि डेव्हिड पेज यांनी साध्या गाठींच्या रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. गाठ गुंतागुंतीची नसेल, आजूबाजूच्या पेशींत विकृत वाढ नसेल आणि जवळच्या नात्यात कुणाला स्तनाचा कर्करोग झालेला नसेल, तर अशा स्त्रीचा धोका इतर स्त्रियांपेक्षा वाढत नाही, असे त्यांना आढळले. नमुन्यात ‘एटिपिया’, म्हणजे पेशींतली विकृती, हा शब्द आला किंवा आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर पुढची देखरेख वेगळ्या पद्धतीने आखावी लागते.

म्हणजे कर्करोग टळावा म्हणून साधी गाठ काढायची, हे कारण बहुतेकींना लागू पडत नाही. ही गोष्ट डॉक्टरांनी आधी आणि उघडपणे सांगायला हवी. ती न सांगता विचारलेल्या ‘काढून टाकू या ना?’ या प्रश्नाला घाबरलेली मुलगी आणि तिची आई दुसरे काय उत्तर देणार?

गाठ ठेवणे हाही एक पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असतो. त्यात हयगय नाही. अशा गाठींपैकी बऱ्याच वर्षानुवर्षे आहेत तेवढ्याच राहतात, काही लहान होतात, काही विरूनही जातात, थोड्या वाढतात. अमेरिकेतल्या स्तनशल्यचिकित्सकांच्या संघटनेचाही सल्ला असा आहे, की नमुन्याने पक्की ठरलेली दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ सरसकट काढू नये. ठेवलेल्या गाठीची साधारणपणे सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि दोन वर्षांनी सोनोग्राफी करतात. शक्य तर ती एकाच केंद्रात करावी आणि जुना अहवाल सोबत न्यावा, म्हणजे मापांची तुलना खरी होते. दोन वर्षे आकार स्थिर राहिला की वारंवार तपासण्याची गरज उरत नाही.

काढण्याची ठोस कारणे वेगळी आहेत. सहा महिन्यांत व्यास वीस टक्क्यांहून जास्त वाढला, तर गाठीचा पुन्हा विचार करावा लागतो. याचे मुख्य कारण म्हणजे फिलॉइड्स नावाची दुसरी गाठ. हाताला आणि सोनोग्राफीत ती हुबेहूब फायब्रोॲडिनोमासारखी दिसते, एफएनएसीतही चकवते आणि कधी कधी कोअर बायॉप्सीतूनही निसटते. चाळिशीच्या आसपास ती जास्त आढळते आणि भराभर वाढते. तिचे काही प्रकार घातक असतात, म्हणून भोवतालच्या निरोगी भागासह ती काढावीच लागते. याशिवाय गाठ पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली, स्तनाचा आकार बिघडू लागला, दुखू लागली किंवा तपासण्यांचा मेळ बसेना, तर काढणे योग्य. आणि सगळे अहवाल चांगले असूनही एखादीचा जीव रोज त्या गाठीत अडकून राहत असेल, तर तेवढे कारणही पुरेसे आहे. तिला भित्री ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

‘लग्नाआधी काढून टाकू’ या कारणाला मात्र वैद्यकीय आधार नाही. साध्या गाठीने गर्भधारणेत अडचण येत नाही, बाळाला अंगावर पाजण्यातही सहसा येत नाही. उलट शस्त्रक्रियेचा व्रण राहतोच. तो दिसू नये म्हणून स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने छेद घेतात, पण तिथे दुधाच्या नलिका एकवटलेल्या असतात. काहींना त्यानंतर स्तनाग्राची संवेदना कमी झाल्याचे किंवा पाजताना त्रास होत असल्याचे जाणवते. वाढत्या वयातल्या मुलीत तर अधिकच जपावे लागते, कारण अजून पूर्ण न वाढलेल्या स्तनाला इजा झाली तर पुढची वाढ बिघडू शकते. एकाच वेळी दोन्ही स्तनांत चार-पाच गाठी असलेल्या मुलीही असतात. त्या सगळ्या काढायच्या म्हटले तर व्रणांचे जाळेच होईल, आणि नव्या गाठी येणे त्याने थांबत नाही.

शस्त्रक्रिया तशी छोटी असते. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येते. साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ व्हॅक्यूमच्या सुईनेही काढतात. सोनोग्राफीत पाहत, काही मिलिमीटरच्या छेदातून ती तुकड्यातुकड्यांनी ओढून घेतली जाते आणि व्रण जेमतेम राहतो. ही सोय मोठ्या शहरांतल्या निवडक रुग्णालयांतच मिळते आणि खर्चही जास्त येतो. अतिशीत सुईने गाठ गोठवण्याची पद्धतही आहे. तीत तपासायला काही हाती उरत नाही, म्हणून आधी कोअर बायॉप्सी अनिवार्य.

गोळीने गाठ विरघळेल, अशी आशा अनेकींना असते. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेले आणि ‘सहेली’ या गर्भनिरोधक गोळीतून परिचित असलेले ऑर्मेलॉक्सिफीन भारतात काही शल्यचिकित्सक यासाठी देतात. स्तनांच्या दुखण्यावर ते चांगले काम करते, गाठ लहान होण्याचा परिणाम मात्र बेभरवशाचा आहे. त्याने पाळी लांबते, आणि मूल हवे असणारीला ते चालत नाही.

काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे आणि तिचा अहवाल रुग्णाने स्वतः मागून घ्यावा. अहवालात फिलॉइड्स लिहून आले तर पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. फायब्रोॲडिनोमाच लिहिले असेल तर उपचार तिथे संपतो, तपासणी संपत नाही. मुंबईत टाटा मेमोरिअल रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. म्हणजे वय वाढले तरी तपासणी सोडायची नाही. विशीत साधी गाठ निघालेल्या स्त्रीला पुढे चाळिशीत नवी गाठ लागली, तर ‘मागच्यासारखीच असेल’ असे धरून चालणे योग्य नाही. त्वचा आत ओढली जाणे, स्तनाग्रातून रक्त येणे, गाठ एका जागी घट्ट बसणे किंवा काखेत गाठ येणे यांपैकी काही दिसले, तर तिहेरी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.