जीवाणूंतील परका डीएनए: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ई. कोलाय या जीवाणूत जेलीफिशचे जनुक घालून त्याला हिरवे चमकवण्याचा प्रयोग अनेक देशांतील शाळा-महाविद्यालयांत केला जातो, आणि बशीतल्या चमकत्या वसाहती पाहून नळीतल्या सर्वच जीवाणूंनी परका डीएनए स्वीकारला, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. हे जनुक प्लाझमिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्रापासून अलग राहून दुप्पट होणाऱ्या डीएनएच्या लहानशा वर्तुळावर बसवलेले असते. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात, बर्फावर ठेवलेल्या पेशींना ४२ अंश सेल्सिअसची उष्णता सुमारे ५० सेकंद देऊन पुन्हा बर्फात ठेवले की ते आत शिरते खरे, परंतु हजारो पेशींत जेमतेम एखादीत.

याहून खोल रुजलेला गैरसमज असा, की बशीतल्या अँपिसिलिनमुळे जीवाणूंना प्रतिकारशक्ती येते. प्रत्यक्षात ती शक्ती प्लाझमिडवरील दुसऱ्या एका जनुकातून येते. या प्रतिजैविकाचे विघटन करणारे विकर त्या जनुकामुळे तयार होते, आणि अँपिसिलिन फक्त बाकीच्यांना वाढू न देता निवड करते. म्हणूनच प्लाझमिड न दिलेले जीवाणू साध्या अगारवर सायीसारखे दाट पसरतात आणि अँपिसिलिनच्या बशीत मुळीच उगवत नाहीत. ही तुलनेची बशी वगळली, तर प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. बश्या फार दिवस उबवल्यास मोठ्या वसाहतींभोवती बारीक ठिपके उमटतात, तेही प्लाझमिड मिळालेले जीवाणू नव्हेत: शेजाऱ्यांच्या विकराने भोवतालचे अँपिसिलिन नष्ट झाल्यामुळे ते वाढलेले असतात.

जनुक मिळाले म्हणजे चमक आली, असेही नाही. नेहमीच्या शालेय प्रयोगात ते जनुक अरॅबिनोज ही शर्करा असेल तरच कार्यान्वित होते, आणि तयार झालेले प्रथिन स्वतः प्रकाश निर्माण करत नाही; अतिनील किरण शोषून ते हिरवा प्रकाश बाहेर टाकते.

असे डीएनए-ग्रहण निसर्गाविरुद्ध आहे, हा आक्षेपही टिकत नाही. मृत जीवाणूंमधील काहीतरी जिवंत जीवाणूंना रोगकारक बनवते, हे फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये न्यूमोनियाच्या जीवाणूंवर दाखवले, आणि ते द्रव्य डीएनएच असल्याचे एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये सिद्ध केले.

वर्गात वापरला जाणारा के-१२ कुळातील ई. कोलाय रोगकारक नसतो, पण म्हणून बश्या कचऱ्यात टाकणे मुळीच क्षम्य नाही, कारण त्यांत प्रतिजैविकरोधी जनुक असते. त्या ऑटोक्लेव्हमध्ये किंवा ब्लीचच्या द्रावणात निर्जंतुक केल्यावरच टाकाव्यात.