हात चिनी, पाय अमेरिकी

केनपो या युद्धकलेचा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, बघायला बसलात तर आधी पायांकडे बघा. हात भुलवतात. वाघाचा पंजा, क्रौंचाची चोच, डाव्या पंजाने झाकलेली उजवी मूठ, हे सगळं इतकं चिनी दिसतं की माल थेट शाओलिनच्या मठातून आला असं वाटायला लागतं. पाय मात्र सांगून टाकतात की वाटेत होनोलुलू लागलं, पॅसाडेना लागलं आणि बऱ्याच गोष्टी बदलल्या.

दक्षिण कॅलिफोर्नियात आमच्या घराजवळ एक जुनी केनपो शाळा आहे. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला डोनटचं दुकान. शनिवारी मुलाला तिथे सोडायचं आणि मागच्या बाकावर बसून राहायचं, असा माझा रिवाज. पुण्यात शाळेत असताना शोतोकान कराटेचे ‘हेयान’ काता, म्हणजे कराटेतले फॉर्म, घोटून घेतले होते, त्यामुळे डोळ्याला थोडीफार सवय आहे. लहान मुलांचा वर्ग सुटला की मोठ्यांचा भरतो आणि खरी मजा तेव्हा सुरू होते. शिकवणारे सर सत्तरीचे. तरुणपणी चायनाटाउनमध्ये हुंग गार शिकले, मग केनपोत आले. एकाच हालचालीचे दोन्ही अवतार त्यांच्या अंगात मुरलेले आहेत.

त्या दिवशी एक ब्राउन बेल्टवाली बाई ‘टायगर अँड क्रेन’ करत होती. हा मूळचा हुंग गारचा फॉर्म. हुंग गार हे दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातलं घराणं. त्यातल्या या वाघ-क्रौंच फॉर्मला आजचा आकार दिल्याचं श्रेय वाँग फेई-हुंग यांना देतात. ‘ड्रंकन मास्टर’मध्ये जॅकी चॅनने रंगवले तेच वाँग फेई-हुंग, खरे गृहस्थ 1847 साली जन्मले आणि 1925 मध्ये वारले. त्यांचे शिष्य लाम साई-विंग यांनी तो हाँगकाँगमध्ये शिकवला, पुस्तकात छापूनही ठेवला.

सरांनी बाईंना थांबवलं आणि स्वतः मध्ये उभे राहिले. घोड्याच्या पवित्र्यात बसले: पावलं समांतर, मांड्या जवळजवळ आडव्या, पाठ ताठ. तर्जनी सरळ वर, बाकीची बोटं अर्धवट दुमडलेली. हात छातीपासून पुढे न्यायला सुरुवात केली ती इतकी सावकाश की हात हलतोय हे आधी कळेचना. कळलं ते मनगट आणि कोपर यांच्या मधला भाग थरथरायला लागल्यावर. दातांमधून श्वास फुसफुसत बाहेर पडत होता. हात पुरता लांब होईपर्यंत एका विद्यार्थ्याचं पाणी पिऊन, बाटलीचं झाकण लावून झालं होतं.

मग उठले आणि म्हणाले, “आता आपलं बघा.” उजवा पाय पुढे, पुढच्या पायाची बोटं मागच्या टाचेच्या रेषेत, दोन्ही पावलं तिरकी वळलेली, गुडघे किंचित वाकलेले, वजन निम्मं-निम्मं. केनपोत याला ‘न्यूट्रल बो’ म्हणतात आणि सगळं दुकान त्यावर चालतं. हात तोच निघाला, पण तर्जनीचा थाट गेला होता. कंबर वळली, मागचा पाय ताठ झाला आणि उघड्या तळहाताचा फटका बसून हात परतसुद्धा आला.

“ते शरीर घडवायला,” सर म्हणाले, “हे बारच्या बाहेर उभं राहायला.”

हा बदल का झाला, हे केनपोच्या घडणीतच आहे. हवाईत जेम्स मितोसे यांनी 1942 च्या सुमारास होनोलुलूत शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या वर्गात काता म्हणावा तर ओकिनावाचा नाइहांची. त्यांच्याकडचे विल्यम चाऊ पुढे नूआनू वायएमसीएमध्ये स्वतः शिकवू लागले. त्यांचा भर डावांवर: समोरच्याने धरलं, मारलं, ढकललं तर काय करायचं, आणि तेही जवळून, झपाट्याने, एकामागून एक. फॉर्म वगैरे भानगड जवळजवळ नाहीच. त्याच शहरात 1947 मध्ये पलामा सेटलमेंट भागात पाच जणांनी कराटे, ज्युडो-जुजुत्सू, केनपो आणि चिनी बॉक्सिंग एकत्र करून ‘काजुकेनबो’ उभं केलं. म्हणजे मिसळ करायला हवाईत कोणाची ना नव्हती.

चाऊंचे शिष्य एड पार्कर. जन्म होनोलुलूचा, 1931 चा. ते यूटामध्ये ब्रिघम यंग विद्यापीठात शिकायला गेले, तिथे 1954 मध्ये शिकवू लागले आणि 1956 मध्ये पॅसाडेनाला त्यांनी शाळा काढली. 1960 साली पुस्तक आलं. पुढे एल्व्हिस प्रेस्ली त्यांचा शिष्य झाला आणि 1964 मध्ये त्यांच्या लाँग बीचच्या स्पर्धेत ब्रूस लीने प्रात्यक्षिक दाखवलं. पार्करांचं नाव निघालं की गप्पा या दोन नावांवरच अडकतात, म्हणून ती इथेच उरकून घेतो.

पार्करांकडे डाव भरपूर होते, फॉर्मची फळी मात्र बरीचशी रिकामी होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती चायनाटाउनने भरली. सॅन फ्रान्सिस्कोत लाऊ बन यांची चॉय ली फुटची शाळा होती, लॉस एंजेलिसमध्ये आर्क वाँग होते. पण मुख्य माणूस म्हणजे जिमी वू. सॅन फ्रान्सिस्कोहून येऊन ते पार्करांबरोबर काम करू लागले, आणि ‘बुक सेट’, ‘टायगर अँड क्रेन’, ‘टू मॅन सेट’ हे फॉर्म केनपोत आले ते त्यांच्यामुळे. 1963 मध्ये पार्करांचं ‘सिक्रेट्स ऑफ चायनीज कराटे’ निघालं. त्यात वूंचा हात मोठा होता, असं त्या पिढीतले लोक सांगतात. मुखपृष्ठावर मात्र एकटे पार्कर. लवकरच दोघांचं फाटलं. वूंनी हॉलिवूडमध्ये स्वतःची शाळा काढली आणि पार्करांचे काही विद्यार्थीही त्यांच्याबरोबर गेले.

फॉर्म मात्र मागे राहिले, आणि ज्यांच्या अंगात ते बसवायचे होते त्यांचे पाय आधीच केनपोचे झाले होते. पुण्यात वाडे पाडले की त्यांचे सागवानी खांब कुणाच्या तरी बंगल्याच्या दिवाणखान्यात उभे राहतात. छान दिसतात, पण त्यांच्यावर माडी नसते. घोड्याचा खोल पवित्रा काढला की हुंग गारच्या हातांचं तेच होतं. त्या हाताला ताकद मिळते ती खाली रुतलेल्या मांड्यांतून. केनपोचा माणूस उंच उभा राहतो, सरकतो, वळतो. त्याने तोच हात तसाच केला तर तो नुसता नाच होतो. म्हणून ज्यांना कळत होतं त्यांनी हाताचा अर्थ बदलला. सावकाश दाब होता तिथे फटका आला, थांबणं होतं तिथे पुढचा वार आला.

हे ‘टू मॅन सेट’मध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतं, कारण तिथे समोर खराखुरा माणूस असतो. सरांनी दोघांना उभं केलं. एक मारतोय, दुसरा अडवून उलट मारतोय, लगेच पहिला अडवतोय. हातावर हात आपटल्याचे आवाज हॉलभर. मध्येच एकाची मूठ दुसऱ्याच्या छातीच्या बरीच अलीकडे हवेत थांबली. अडवणाऱ्याने तरीही इमानेइतबारे अडवलं. सर हसले. “तो काय अडवतोय? वारा?” मग त्यांनी जमिनीवर पट्टी चिकटवून दाखवलं की जुन्या पद्धतीत पाऊल किती लांब पडायचं आणि आता किती पडतं. पाऊल आखूड झालं तर दोघांनी उभंही जवळच राहायला हवं. पुन्हा सुरुवात केली तेव्हा दोघं वीतभर पुढे सरकले होते, आणि आवाज बदलला. एकट्याच्या फॉर्ममध्ये अशी चूक वर्षानुवर्षं खपून जाते. तिथे दाद मागायला कोणी नसतं.

पार्करांचं पुढचं पाऊल मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी स्वतःचे फॉर्म बांधले. ‘शॉर्ट वन’मध्ये मागे सरकत नुसते चार दिशांचे बचाव, ‘लाँग वन’मध्ये त्यांना ठोसे जोडलेले, ‘शॉर्ट टू’मध्ये पुढे जात बचाव आणि वार एकत्र. ‘शॉर्ट थ्री’पासून तर फॉर्म म्हणजे डावांची माळ: ‘क्रॉसिंग टॅलन’ हा मनगट धरल्यावरचा डाव जोडीदाराबरोबर करतात तसाच, फक्त जोडीदार नाही. नावं ऐकून कोणाला जुनी पोथी आठवेल, पण टॅलन, विंग, मेस, स्वोर्ड ही पार्करांची सांकेतिक भाषा आहे. विंग म्हणजे कोपर, मेस म्हणजे मूठ, स्वोर्ड म्हणजे तळहाताची कड. वाघाचा पंजा आणि क्रौंचाची चोच अशा डावांमध्ये विरघळली. पंजा तोंडावरून ओरबाडतो, चोच आलेला हात आकड्यासारखी बाजूला ओढते. एकेका डावात जेमतेम क्षणभर. एवढं झाल्यावर आयात फॉर्मची गरज संपली आणि पार्करांच्या परंपरेतल्या बहुतेक शाळांनी ते सक्तीच्या अभ्यासातून काढून टाकले. पार्करांपासून वेगळे झालेल्या ट्रेसी बंधूंच्या शाळांनी ते ठेवले.

काढले ते बरोबर की चूक, यावर केनपोवाले हमरीतुमरीवर येतात. माझ्या मते बरोबर केलं. खोल पवित्र्यावर वर्षं घालवायची तयारी नसेल तर हुंग गारचा फॉर्म अर्धा शिकण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा त्यातली पंजाची एक ओरबाड नीट शिकलेली बरी. आपल्याकडे गल्लोगल्ली चालणाऱ्या कराटे वर्गांतल्या कात्यांचंही मूळ ओकिनावामार्गे चीनमध्येच जातं, आणि तिथेही पवित्रे वाटेत बदललेच. बदलण्यात पाप नाही.

पण ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव गाळणं मला पटत नाही. या शाळेत बेल्टच्या परीक्षेला तोंडी प्रश्न असतात: पार्करांचा जन्म कुठे झाला, पहिली शाळा कुठे, चाऊ कोण. मुलाच्या प्रश्नावलीत मी शोधलं, जिमी वूंचं नाव कुठे नव्हतं. फॉर्म अभ्यासातून गेले तरी चालतील. वूंचं नाव मात्र त्या यादीत असलंच पाहिजे, आणि पिवळ्या बेल्टच्या आधी विचारलं गेलं पाहिजे.