तास कमी, पण नोकरी कायम : जर्मनीची ‘कुर्त्सआर्बाइट’ योजना

मंदी आली, कारखान्याला ऑर्डरच नाहीत. मग मालक काय करणार? दहापैकी पाच कामगारांना घरी पाठवणार. दुसरा मार्गही आहे : दहाही जणांना ठेवायचं आणि प्रत्येकाचे तास निम्मे करायचे. पण मग पगारही निम्मा होतो, घर कसं चालणार? ‘कुर्त्सआर्बाइट’ म्हणजे कमी तासांचं काम. या जर्मन योजनेत सरकार इथेच मदतीला येतं.

सोपं गणित करूया. एका कामगाराच्या हातात महिन्याला २००० युरो पडतात. तास निम्मे झाले, की कंपनी साधारण १००० युरो देते. बुडालेल्या १००० पैकी ६० टक्के, म्हणजे ६०० युरो, बेरोजगारी विमा निधीतून मिळतात. मूल असेल तर ६७ टक्के. काम निम्मं, पण हाती १६०० किंवा १६७० युरो. हा निधी कामगार आणि मालक यांच्याच वर्गणीतून जमतो.

फायदा काय झाला? २००९ मध्ये जर्मनीची अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आकसली, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ती १० टक्क्यांवर गेली. सगळं श्रेय या योजनेचं नाही. जादा तास ‘खात्यात’ जमा ठेवून मंदीत वापरायची पद्धतही तिथे होती. पण कसलेले कामगार टिकले, ऑर्डर येताच यंत्रं सुरू झाली. हातात पैसा राहिल्याने दुकानंही चालली. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाकाळात, सुमारे ६० लाख लोक या योजनेत होते.

आता दुसरी बाजू. काही कंपन्या कामगारांना तसंही काढणार नव्हत्या; त्यांनाही पैसा मिळतो. ज्या धंद्याला भविष्यच नाही, तिथे माणसं अडकून पडतात आणि वाढणाऱ्या उद्योगांना ती मिळत नाहीत. शिवाय ‘मिनीजॉब’ करणाऱ्यांचा बेरोजगारी विमा नसतो, म्हणून हॉटेलात तुटपुंज्या पगारावर राबणारे योजनेबाहेरच राहिले. ज्यांना आधाराची जास्त गरज, तेच वगळले गेले!

म्हणूनच योजनेला मुदत असते. एरवी १२ महिने, संकटात ती वाढवतात. थोडक्यात, ही छत्री आहे, घर नव्हे. पाऊस थांबणार असेल तरच तिचा उपयोग.

वर्गात किंवा घरी मुलांना विचारून पाहा : गेलेलं काम परत येणार की नाही, हे सरकारने कसं ओळखावं?